पुकारता गैरहजर

शिपायाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

मी अकरा वर्षांची. कोर्टाच्या व्हरांड्यात, दाराच्या बाजूला, फरशीवर बसलेली. शेजारी आई. बाकं होती. पण एका बाकावर बंगल्याचे मालक बसले होते, आणि ते बसत तिथं आम्ही बसत नव्हतो. असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. आम्हाला तो पाठ होता. थोड्या वेळानं मालक उठून आत गेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी आपली वेळ झाल्याचं त्यांना कळलं होतं.

मग शिपाई दारात आला. पांढरा डगला, लाल पट्टा, तोंडात सुपारी. त्यानं व्हरांडाभर नजर फिरवली आणि ती आमच्यावर आणून थांबवली. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि आईचं नाव घेतलं. म्हणजे तोंड तसं हललं. एकदा. सुपारी या गालातून त्या गालात गेली. दुसऱ्यांदा. पायरीवर कुणीतरी शिंकलं. शिंक स्वच्छ ऐकू आली. तिसऱ्यांदा. मग तो आत वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पुकारता गैरहजर, साहेब."

तेवढं मात्र मला ऐकू आलं. अर्थ कळला नाही. कानाला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मी आईचा पदर ओढला. "आई, आपलं नाव."

"गप बस," आई म्हणाली. "मोठ्यानं हाळी देतील. सरकारचं कोर्ट हाय हे."

मी गप्प बसले. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या गप्प बसण्यातून निघालं आहे.

पाच मिनिटांत मालक बाहेर आले. चष्मा पुसत होते. आम्हाला पाहून थांबले. अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही आला होतात? अरेरे. आत तीनदा पुकारलं तुमचं नाव. आम्हाला वाटलं, आज तुमच्याकडं काही सणवार असेल." चष्मा डोळ्यांवर चढवला. "बरं, आता घरी जा. म्हणजे, आवरायला."

आई उठली. उंबऱ्याशी गेली. आत दुसरंच कुणाचं तरी काम सुरू झालं होतं. ती तिथूनच म्हणाली, "मी हाय की. सकाळपासून हाय."

शिपायानं ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ. बाई, कोर्टात आवाज करायचा नसतो."

आता जरा मागचं सांगते. माझे वडील कोथरूडला एका बंगल्यात माळी होते. तेव्हा कोथरूडला बंगले होते आणि बंगल्यांना झाडं होती, यावर आजची पोरं विश्वास ठेवत नाहीत. बागेच्या टोकाला आमची खोली. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि निळ्या कोटातली एक तसबीर. वडील गेले, त्यांच्या तेराव्या दिवसाची वाट न बघता मालकांनी खोली मागितली. आम्ही बौद्ध, आम्हाला तेरावा नव्हताच. त्यांना तर होता ना? पण ते असो. आईनं एकच सांगितलं, "कायद्यानं काढा, निघते. तुमच्या मनानं नाय निघायची." कुणीतरी वकील गाठून दिला, आईच्या नावानं दावा झाला, निकाल लागेपर्यंत आम्हाला काढू नये असा हुकूमही झाला. तो हुकूम आईनं तसबिरीच्या मागं ठेवला होता. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

त्या दिवशी आमचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकला होता. दुपारी धापा टाकत आला. आई त्याला म्हणाली, तुम्ही परत अर्ज करा, आम्ही दारातच होतो. तो म्हणाला, "बाई, म्हणजे शिपाई खोटं बोलला असं मी लिहून देऊ? मला रोज याच कोर्टात यायचंय."

दावा गेला. दाव्याबरोबर हुकूम गेला. तिसऱ्या दिवशी खोली गेली. तसबीर माझ्या हातात होती. हातगाडीच्या मागं मी आणि आई कोथरूडहून बिबवेवाडीला मामाच्या घरी चालत गेलो. वाटेत आई एकदाच बोलली. "तू मला सांगत व्हतीस," म्हणाली.

त्यानंतर आई कधी आतल्या खोलीत बसली नाही. कायम दारात. भाकरी थापायलासुद्धा दाराशी. पावसाळ्यात दार लावायचं म्हटलं की भांडायची. गल्लीत कुणी कुणालाही हाक मारली की ती अर्धी उठायची. "आले, आले." शेजारणी हसायच्या. शेवटी ती दवाखान्यात होती, नाकात नळी होती, आणि दर तासानं मला विचारायची, "माझं नाव घेतलं का गं?" मी तेव्हा न्यायाधीश होते. मी म्हणायचे, "नाही आई, अजून नाही." ती म्हणायची, "ध्यान ठेव."

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. सरकारी कागदावर ते एकदाच नीट आलं, आणि त्याच्यापुढं दोन शब्द होते. तिसऱ्या कुणाच्या तोंडी ते मला द्यायचं नाही.

तर मी न्यायाधीश झाले. कशी झाले हे सांगण्यात मला फार रस नाही, कारण त्यात अभ्यासाशिवाय काही नाही. गंमत पुढं आहे. पहिल्याच तालुक्याच्या गावी मी चेंबरमध्ये फाईल वाचत बसले होते. एक वकील आत आले, मला पाहिलं, टेबलावरचा रिकामा कप पाहिला आणि म्हणाले, "बाई, हे उचला. साहेब कुठं गेलेत?" मी उठले, कप उचलला, बाहेर शिपायाकडं दिला, परत येऊन त्याच खुर्चीत बसले आणि म्हटलं, "साहेब आले. बोला." त्या गृहस्थांचा चेहरा मला आजही हसवतो.

आणखी एक. आपल्याकडं मूळ गाव विचारायची एक रीत आहे. आडनावावरून पुरेसं कळलं नाही की विचारतात. "मॅडम, आपण मूळच्या कुठल्या?" मी म्हणते, "कोथरूडच्या." चेहरा उजळतो. "अरे वा, कोथरूडला कुठं?" "बंगल्यामागं. माळ्याच्या खोलीत." मग चहा लवकर संपवतात.

मला सांगायची हौस पहिल्यापासून. बदल्या होत गेल्या, गावं बदलत गेली आणि मी मैफिलीतली बाई झाले. कुणा न्यायाधीशाचा निरोप समारंभ असला की बटाटेवडे यायच्या आधी हमखास फर्माईश यायची. "मॅडम, तो पुकारा करा ना!" मी उठायचे. पदर खोचायचे. गालात सुपारी असल्यासारखी जीभ फिरवायचे. दोन पावलं टाकून काल्पनिक दारात उभी राहायचे आणि ओठ हलवायचे. एकदा. दुसऱ्यांदा. मध्ये शिंक. तिसऱ्यांदा. मग खणखणीत, "पुकारता गैरहजर, साहेब!" लोक खुर्चीतून पडायचे. शेवट मी बदलून टाकला होता. माझ्या चुटक्यात आई हसत घरी जायची आणि म्हणायची, "पोरी, मोठी होऊन तूच आत बस." टाळ्या. वडे.

आई असं कधीच म्हणाली नव्हती.

आणि घरी आलं की ते ओठ यायचे. म्हणजे स्वप्नात वगैरे नाही, इतकी मी नाटकी नाही. ते दिवसाउजेडी येतात. डॉक्टरांकडं नंबर लावून बसले आहे, भिंतीवर टीव्ही आहे, आवाज बंद आहे, बातम्या देणारी बाई तोंड हलवते आहे. माझ्या तळहातांना घाम. सिग्नलला शेजारच्या गाडीत, काच वर, कुणी नवरा-बायको भांडताहेत. घाम. वाटतं, हे माझं नाव घेताहेत आणि मला ऐकू येत नाही. वाटतं, काहीतरी काढून टाकलं जातंय. कोरोनात सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले तेव्हा साऱ्या शहरात मी एकटी सुखी होते. कुणाचेच ओठ दिसत नव्हते. पण मग पडद्यावरची कोर्टं सुरू झाली. रोज कुणीतरी वकील चौकटीत बसून घसा फोडून बोलायचा आणि आवाज नाही. "सर, तुम्ही म्यूटवर आहात," माझी स्टेनो शांतपणे सांगायची. मी टेबलाखाली खुर्चीचा पाय घट्ट धरून बसायचे.

हे सगळं मला माहीत होतं. तरी जे घडलं ते घडलंच.

पुण्यात माझी बदली झाली तेव्हा मी जिल्हा न्यायाधीश होते, सगळ्यांत ज्येष्ठांपैकी. आमचे प्रमुख मला एकदा जिन्यात म्हणाले होते, "मॅडम, आपलं नाव यंदा वर जाणार आहे." वर म्हणजे उच्च न्यायालयाकडं. मी त्या दिवशी घरी आईच्या फोटोला सांगितलं. फोटो दाराशेजारी आहे. आतल्या खोलीत लावलेला नाही.

मंगळवार होता. बोर्ड भरगच्च. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी. एक अपील निघालं. बिबवेवाडीतली एक विधवा बाई. तिच्या वस्तीतून मोठ्या रस्त्याला जायची बोळाची वाट पुढच्या सोसायटीनं लोखंडी गेट लावून बंद केली होती. वस्तीनं वळसा घालून जावं. खालच्या कोर्टात बाई हरली होती, अपिलात वकील राहिला नव्हता, स्वतःच यायची. सोसायटीचे वकील हजर होते. पांढरे केस, फार सभ्य गृहस्थ.

"मॅडम, अपीलकर्ती आजही नाही."

मी मान न उचलता म्हटलं, "पुकारा."

आमचे शिपाई मामा दाराशी गेले, परत आले. मान हलवली. मी स्टेनोला सांगितलं, "अपीलकर्ती पुकारता गैरहजर. अपील काढून टाकण्यात येते." आणि पुढची फाईल घेतली.

अर्ध्या-पाऊण तासानं मागच्या बाजूनं आवाज आला. "साहेब, माझं नाव कधी घेणार?"

बायका न्यायाधीशबाईलाही साहेबच म्हणतात. मी फाईलमध्येच होते. नाव विचारलं, तिनं सांगितलं. मी म्हटलं, "बाई, पुकारा झाला तुमचा. तीनदा. कुठं होतात?"

"हितंच. दाराशी. सकाळपासून."

आणि मी म्हणाले, "अरेरे."

तो 'अरेरे' माझा नव्हता. तो मवाळ होता, गोल होता, चष्मा पुसत म्हटलेला होता. मी तो चाळीस वर्षं जपून ठेवला होता आणि कधी वापरला नव्हता. माझ्या चुटक्यातसुद्धा मी मालकांची नक्कल करत नसे, जमायची नाही. त्या दिवशी अगदी हुबेहूब जमली.

मी मान वर केली. बाई साठीची असेल. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. जिथं उभी होती तिथं बाकावर जागा होती. बसली नव्हती.

"मामा," मी म्हटलं, "पुकारा कुठून केलात?"

"दारातून, साहेब."

"कसा?"

"नेहमीसारखा."

"परत करून दाखवा."

मामा बुजले. गरीब माणूस, दोन वर्षांनी निवृत्त होणारा, रोज माझ्या टेबलावर न विसरता पाणी ठेवणारा. ते दाराशी गेले. व्हरांड्याकडं तोंड केलं. पंखे फिरत होते. कोर्टभर शांतता. मला ते बाजूनं दिसत होते.

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

खुर्चीचा पाय हाताला सापडेना.

"मोठ्यानं का नाही, मामा? कुणी सांगितलं होतं का तुम्हाला? खरं बोला."

"नाही साहेब, शपथ. कुणी कशाला सांगेल? ज्यांचे वकील असतात त्यांना आम्ही बार रूममधून बोलावून आणतो. ज्यांना वकील नाही त्यांचा पुकारा असाच, दारातल्या दारात. पहिल्यापासून तसंच चालतं." मग अपराध्यासारखं, "आणि साहेब, आपणच एकदा म्हणाला होतात. मामा, आवाज कमी. आत डिक्टेशन चालू असतं."

म्हणाले होते. मला आठवलं. इथं आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. हसत म्हणाले होते.

लहानपणच्या त्या शिपायाला मी आयुष्यभर विकला गेलेला माणूस समजत आले. मालकांनी त्याच्या हातावर काही ठेवलं असणार, असं माझ्या गोष्टीत पक्कं होतं. आता वाटलं, कदाचित ठेवलंही नसेल. कदाचित आतल्या साहेबांना डिक्टेशन द्यायचं असेल.

मी उठले. मी उठले की सगळे उठतात, तसे सगळे उठले. सगळ्यांना वाटलं, मॅडम चेंबरमध्ये निघाल्या. मी चेंबरकडं वळले नाही. समोरच्या तीन पायऱ्या उतरले. त्या पायऱ्या स्टेनो वापरते, शिपाई वापरतात, न्यायाधीश वापरत नाहीत. वकिलांच्या टेबलामधून चालत गेले. काळा कोट, गळ्याला पांढरी पट्टी. सोसायटीच्या वकिलांनी घाईघाईनं खुर्ची मागं घेतली. मी दारात उभी राहिले आणि व्हरांड्याकडं तोंड करून त्या बाईचं नाव घेतलं.

पोटातून घेतलं. वडील बागेच्या टोकावरून मला हाक मारायचे, तसं. जिन्यातली माणसं थांबली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर बघितलं.

दुसऱ्यांदा घेतलं. त्याहून मोठ्यानं.

तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि जिभेवर दुसरंच नाव आलं. माझ्या घरातलं नाव. ते मी असं कधी मोठ्यानं घेतलेलंच नव्हतं. आवाज निघाला नाही. ओठ हलले असणार, कारण समोर व्हरांड्यात कुणा बाईच्या मांडीवर एक लहान मुलगी होती आणि ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

मागून, अगदी जवळून, बिबवेवाडीची बाई म्हणाली, "आहे की मी, साहेब. हितं आहे. एवढं कशाला ओरडता?"

कोर्टात कुणी हसलं नाही. मला हसू आलं.

मी वर जाऊन बसले. सोसायटीचे वकील उभे राहिले. "मॅडम, आदर ठेवून सांगतो, ऑर्डर डिक्टेट झालेली आहे."

"झालेली आहे. सही झालेली नाही," मी म्हटलं. "बाई, बसा. बाकावर बसा. आता बोला, गेट कुठं आहे?"

चार दिवसांनी प्रमुखांनी बोलावलं. माझ्याविरुद्ध लेखी तक्रार होती. न्यायासन सोडून खाली येणं, पक्षकाराच्या नावानं ओरडणं, न्यायासनाची अप्रतिष्ठा, एका बाजूचा कैवार. प्रमुख वाईट माणूस नाही. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, आपण अभिनय उत्तम करता, सगळ्यांना माहीत आहे. पण तो समारंभात. दोन ओळींचा खुलासा द्या, खेद व्यक्त करा, फाईल इथंच बंद करतो. आपलं नाव जायचंय, त्यात हे नको."

"आणि खेद नसेल तर?"

"मॅडम," ते म्हणाले, "नाव म्हणजे काय शेवटी, कुणीतरी घ्यावं लागतं."

हे त्यांनी सहज म्हटलं. त्यांना काय माहीत.

मी चेंबरमध्ये आले. कोरा कागद घेतला. खुलासा लिहायच्या आधी डोळ्यांसमोर माझ्या सह्या आल्या. तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या, या कोर्टातल्या. रोज संध्याकाळी रोजनाम्याखाली, म्हणजे दिवसभराच्या नोंदीखाली, भराभर केलेल्या. त्यातल्या कितींच्या वर ते दोन शब्द होते? आणि त्या शब्दांमागं कितीजण खरोखर आले नव्हते, आणि कितीजण दाराशी बसले होते, मोठ्यानं हाळी देतील म्हणून? ते निकाल आता माझ्या हातात नाहीत. त्या माणसांच्या खोल्या गेल्या असतील, वाटा गेल्या असतील. त्यांच्यापैकी कुणाशेजारी एखादी अकरा वर्षांची मुलगी असेल, आणि माझ्या आठवणीत जिथं सुपारी आहे, तिथं तिला माझी खाली घातलेली मान दिसत असेल. तिच्या गोष्टीत मी आहे. आतली साहेब.

याला औषध नाही. मी शोधलेलंही नाही.

खुलासा लिहिला. "मी न्यायासनावरून उतरून दारात पुकारा केला, हे खरे आहे. तो आधीच मोठ्याने झाला असता तर उतरावे लागले नसते. यापुढे माझ्या कोर्टात बोर्ड संपेपर्यंत कोणालाही गैरहजर धरले जाणार नाही. बोर्ड संपल्यावर जी नावे उरतील ती मी स्वतः दारात जाऊन पुकारीन, आणि त्यानंतरच सही करीन." खेदाची ओळ लिहिली नाही. सही केली.

माझं नाव वर गेलं नाही. हे मला कुणी मोठ्यानं सांगितलं नाही. यादी निघाली, तीत नव्हतं.

परवा एका सहकाऱ्याचा निरोप होता. वडे यायचे होते. कुणीतरी नवीन न्यायाधीश, उत्साही मुलगी, म्हणाली, "मॅडम, मी ऐकलंय तुमच्याबद्दल. तो पुकारा करा ना!" सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या.

मी बसूनच राहिले. म्हटलं, "तो आता इथं होत नाही. माझ्या कोर्टात होतो, रोज संध्याकाळी, बोर्ड संपल्यावर. बघायला ये. दारापासून लांब उभी राहा. जिन्याच्या खाली. आणि तिथं ऐकू आला नाही, तर वर येऊन मला सांग. मी परत करीन."